इन्फेक्टेड गुडघ्यासाठी सिमेंट स्पेसर हाताने कसा बनवायचा

राउंडला गेलो तेव्हा आजींनी विचारलं, "डॉक्टर, आत सिमेंट भरलंय म्हणता, मग त्यावर रोज पाणी मारायचं का?" सगळे रेसिडेंट हसले, मीपण हसलो, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आपण इतक्या सहज 'सिमेंट' म्हणतो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर गवंडीच येणार ना. त्यांना म्हटलं आजी, तुमची कवळी ज्या जातीच्या मटेरियलची आहे त्याच जातीचं हे आहे, त्यात औषध कालवून गुडघ्याचा तात्पुरता तुकडा बनवलाय, दोन-तीन महिन्यांनी काढणार आणि पक्का गुडघा बसवणार. कवळीचं उदाहरण उगाच दिलं नाही, १९५८ च्या सुमारास मँचेस्टरला सर्जन जॉन चार्नलींनी हिपसाठी हे मटेरियल वापरायला घेतलं ते डेनिस स्मिथ या दंतविभागातल्या केमिस्टच्या मदतीनेच.

हा लेख ऑर्थोच्या रेसिडेंट्ससाठी आणि तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या सर्जन मित्रांसाठी आहे, जिथे कंपनीचा तयार साचा वेळेवर मिळत नाही किंवा पेशंटला परवडत नाही. पहिल्या दोन-चार केसेस हे केलेल्या सिनियरबरोबर उभं राहून करा, वाचून थेट टेबलावर जाऊ नका. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं: स्पेसर, म्हणजे हा तात्पुरता तुकडा, काढायचा असतो. प्रायमरी, म्हणजे पहिल्यांदाच बसवायचा, गुडघा करताना सिमेंटबद्दल जे जे शिकलात, म्हणजे हाड कोरडं करा, दाबून भरा, हवेचे बुडबुडे नकोत, व्हॅक्यूम मिक्सिंग करा, ते जवळजवळ सगळं इथे उलटं करायचंय. इथे बुडबुडे चालतात, उलट हवेच असतात, आणि हाडाला घट्ट धरून बसलं तर आपलीच पंचाईत.

स्पेसर नेमका करतो काय

रिप्लेसमेंट केलेल्या गुडघ्यात इन्फेक्शन मुरलं की जंतू धातूवर आणि जुन्या सिमेंटवर बायोफिल्मचा थर करून बसतात, शिरेतून कितीही अँटिबायोटिक दिलं तरी तिथे धड पोचत नाही. म्हणून टू-स्टेजमध्ये, म्हणजे दोन ऑपरेशनच्या पद्धतीत, पहिल्या ऑपरेशनला इम्प्लांट, सिमेंट, मेलेलं हाड, सुजलेलं सायनोव्हियम (सांध्याचं अस्तर) सगळं काढायचं आणि मधल्या काळासाठी स्पेसर ठेवायचा. टू-स्टेज गुडघा इन्सॉल मंडळींनी १९८३ मध्ये मांडला. सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळायची कल्पना त्याच्याही आधीची, हॅम्बुर्गच्या बुखोल्झ यांची, १९७० ची.

स्पेसरची कामं दोन. एक म्हणजे औषध जागेवरच जास्त प्रमाणात सोडणं, दुसरं म्हणजे जागा धरून ठेवणं, म्हणजे कोलॅटरल्स (गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे लिगामेंट) आणि क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) आकसत नाहीत आणि दुसऱ्या ऑपरेशनला गुडघा उघडताना घाम फुटत नाही. औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त सुटतं आणि मग उतरत जातं, आणि सुटतं ते मुख्यतः पृष्ठभागातून, आतल्या गाभ्यातलं बरंचसं तिथेच अडकून राहतं. म्हणून एकच जाडजूड ठोकळा आणि तेवढ्याच सिमेंटचे दोन-तीन वेगळे तुकडे यात औषधाच्या दृष्टीने तुकडे भारी.

हलणारा स्पेसर की न हलणारा, हे आधी ठरवा. कोलॅटरल्स शाबूत आहेत, हाड बऱ्यापैकी शिल्लक आहे, पटेलर टेंडन जागेवर आहे, वरची कातडी बंद होईल अशी आहे, तर हलणारा. यातलं काही मोठं गेलेलं असेल तर हट्ट नको, सरळ मधे ठोकळा आणि फीमर (मांडीचं हाड) व टिबिया (नडगीचं हाड) या दोन्हींच्या कॅनॉलमध्ये, म्हणजे पोकळीत, सळई घालून न हलणारा करा आणि ब्रेस लावा. हलणारा करून तो सबलक्सेट झाला, म्हणजे अर्धवट सरकला, तर पुढचे दोन महिने पेशंट तुमच्याकडे कसा बघतो ते मी अनुभवलंय.

आदल्या दिवशीची तयारी, खरं काम इथेच आहे

सिमेंट एकदा कालवलं की घड्याळ तुमचं ऐकत नाही, त्यामुळे जे काही शोधायचं, मागायचं, उकळायचं ते आदल्या दिवशीच.

कल्चर रिपोर्ट हातात हवा. ऑपरेशनआधी केलेल्या ॲस्पिरेशनमध्ये (सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासण्यात) जंतू कळला असेल तर सिमेंटमध्ये काय घालायचं ते मायक्रोबायोलॉजीवाल्यांशी बोलून ठरवा. क्रिएटिनिन बघा, औषधांची ॲलर्जी विचारा. सिमेंटमधलं व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन थोडंफार रक्तात जातंच, ज्याची किडनी आधीच कुरकुरतेय त्याला हाय डोस स्पेसर अधिक शिरेतून तीच औषधं म्हणजे आपण हाताने संकट ओढवून घेणं.

सिमेंटचे पॅक मोजून मागवा. मी वापरतो त्या पद्धतीत ४० ग्रॅमचे चार लागतात: एक साधा, साच्यासाठी, आणि तीन औषधाचे, म्हणजे फीमर, टिबिया व सळया, आणि शेवटी बसवायला. एक जास्तीचा बाजूला असू द्या. पॅक आदल्या दिवसापासून ओटीतच ठेवा म्हणजे खोलीच्या तापमानाला येतात. एसी खूप थंड असेल तर सिमेंट उशिरा जमतं, उन्हाळ्यात एसी बंद पडलेला असेल तर डोळ्यादेखत दगड होतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये हे एकदा झालंय, जनरेटर चालू होईपर्यंत बाऊलमध्ये चमचा उभा राहिला होता.

ट्रेमध्ये हवं ते असं: स्टीलचे दोन खोल बाऊल, स्टीलचा चमचा किंवा स्पॅच्युला, फीमरचे ट्रायल कंपोनंट (माप बघायचे नमुने) दोन-तीन साइझमध्ये, टिबियाचे ट्रायल, गॅप मोजायचे ब्लॉक, दोन जाड स्टाइनमन पिन (धातूच्या सळया), वायर कटर, निबलर, बर, एक उथळ किडनी ट्रे, ॲल्युमिनियम फॉइल आणि पातळ पॅराफिन. फॉइल चौकोनी तुकडे करून, सैल गुंडाळून ऑटोक्लेव्ह करा, घट्ट घडी घातली तर आत वाफ शिरत नाही. पॅराफिनचं मात्र लक्षात ठेवा, तेलकट गोष्ट वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये स्टराइल होत नाही, त्याला कोरडी उष्णता लागते, हॉट एअर ओव्हनमध्ये १६० डिग्रीला दोन तास. एका ठिकाणी मला पॅराफिनची बाटली ऑटोक्लेव्ह करून दिली होती, टेपवर काळ्या रेघा झकास उमटलेल्या, तेल मात्र जसंच्या तसं. आधीच इन्फेक्टेड असलेल्या गुडघ्यात आपण नवीन पाहुणे घालायला नकोत.

औषध कालवणं

आधी औषध कुठलं ते. तीन अटी: पावडर हवी, पाण्यात विरघळणारी हवी, आणि सिमेंट जमताना तापतं ती उष्णता सोसणारी हवी. व्हँकोमायसिन, टोब्रामायसिन, जेंटामायसिन या तिन्हीत बसतात. आपल्याकडे जेंटामायसिनची पावडर सहजी मिळत नाही, मग लोक ८० मिलिग्रॅमच्या व्हायल फोडून द्रव ओततात, ते करू नका, सिमेंटमध्ये पाणी गेलं की त्याची ताकद चांगलीच उतरते. त्याऐवजी जेंटामायसिन फॅक्टरीतच मिसळलेलं सिमेंट घ्या (बहुतेक ब्रँडमध्ये ४० ग्रॅमला ०.५ ते १ ग्रॅम असतं) आणि वरून व्हँकोमायसिन आपण घाला. दोन औषधं एकत्र असली की एक विरघळून वाट करतं आणि दुसरंही जास्त बाहेर पडतं, त्यामुळे जोडी बरी. रिफाम्पिसिन कितीही लाडकं असलं तरी सिमेंटमध्ये नको, ते जमण्याची क्रियाच बिघडवतं आणि हातात चिखल राहतो.

डोस. पक्का इम्प्लांट बसवायच्या सिमेंटमध्ये आपण ४० ग्रॅमला साधारण १ ग्रॅमच्या आसपास थांबतो, ताकद जपायची असते म्हणून. स्पेसरमध्ये ४० ग्रॅमला २ ते ४ ग्रॅम व्हँकोमायसिन ही नेहमीची रेंज आहे, सोबत जेंटा किंवा टोब्रा. मी किडनी चांगली असेल तर ३ ग्रॅम घालतो, नसेल तर २ वर थांबतो. पावडरच्या १० टक्के, म्हणजे ४ ग्रॅमच्या पुढे गेलात की स्पेसर ठिसूळ होत जातो, आणि ८ ग्रॅमच्या आसपास तर त्याला धड आकारच देता येत नाही, भाकरीच्या पिठासारखा तडकतो. हिशोब एका पॅकचा नाही तर एकूण पॅकचा करा, तीन पॅकमध्ये ३-३ ग्रॅम म्हणजे पेशंटच्या अंगात ९ ग्रॅम व्हँकोमायसिन गेलंय, हे फिजिशियनला सांगावं लागतं.

व्हायलची बाहेरची बाजू स्टराइल नसते हे सांगायला नको, तरी दर सहा महिन्यांनी कुणीतरी ती ट्रॉलीवर ठेवतंच. फिरती सिस्टर ॲल्युमिनियमची कडी पक्कडने सोडवते (हाताने ओढू नका, बोट कापतं), रबरी बूच काढते आणि वरूनच बाऊलमध्ये ओतते, बाऊलला न टेकवता. बूच काढताना रबराचा कण पडला का ते बघा. व्हायलमध्ये औषधाची वडी झालेली असते, ती आधी हलवून सुटी करून घ्यायची.

गाठी बारीक करायच्या की नाही यावर दोन मतं आहेत. पक्क्या फिक्सेशनला एकदम बारीक पूड हवी. स्पेसरमध्ये काही लोक मुद्दाम खडे तसेच ठेवतात, ते विरघळले की मागे छिद्र राहतं आणि त्यातून औषध आणखी सुटतं. मी वाटाण्याएवढ्या गाठी चमच्याच्या पाठीने फोडतो, रव्याएवढे कण तसेच सोडतो.

मिसळताना सगळं एकदम ओतायचं नाही. व्हँकोमायसिन बाऊलमध्ये घ्या, त्यात तेवढीच सिमेंट पावडर, ढवळा, मग जेवढं झालं तेवढी पुन्हा पावडर, असं दुप्पट-दुप्पट करत जा, मूठभर पिठात चिमूटभर हळद सारखी लावायची असेल तर बायका जशी करतात तसंच. दुसरी रीत अशी की आधी पावडर आणि द्रव कालवून पातळ झालं की मग औषध टाकायचं, जास्त डोसला ही सोपी जाते कारण कोरडं-कोरडं राहत नाही. दोन्ही करून बघा, हाताला जी बसेल ती.

आता द्रव. २० मिलीची काचेची ॲम्प्यूल असते, ती गॉझमध्ये धरून बाऊलपासून लांब फोडा, काचेचा कण सिमेंटमध्ये गेला तर तो पॅक फेका, चाळत बसू नका. हा मोनोमर उग्र वासाचा आणि पेट घेणारा आहे, त्यामुळे त्या वेळी कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं उपकरण) बाजूला. रबरी ग्लोव्हजमधून तो आरपार जातो, म्हणून दोन जोड घाला आणि कालवून झालं की वरचा जोड काढून टाका. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी लांब उभं राहा. गरोदर सिस्टर असेल तर त्या दिवशी तिला दुसऱ्या टेबलाला पाठवा, आमच्याकडे न सांगता पाळलेला नियम आहे.

हातानेच कालवा, उघड्या बाऊलमध्ये, मिनिटभर. व्हॅक्यूम नाही. ज्यांचं सिमेंट पांढरं आहे त्यांनी मिथिलीन ब्लूचे एक-दोन थेंब घालायला हरकत नाही, काढताना हाड कुठे संपलं आणि सिमेंट कुठे सुरू झालं ते स्वच्छ दिसतं. पॅलॅकोस आधीच क्लोरोफिलने हिरवं असतं, त्याला गरज नाही.

साचा

तयार सिलिकॉन साचा असेल तर उत्तम, आत पॅराफिनचा हात फिरवा, सिमेंट भरा, जमलं की सोलून काढा, हा भाग सोडून पुढे जा. नसेल तर साध्या सिमेंटच्या एका पॅकचा साचा बनवायचा, आणि तो डिब्राइडमेंट (इन्फेक्टेड भाग काढून साफ करणं) चालू असतानाच असिस्टंटने मागच्या टेबलावर बनवायला घ्यायचा, म्हणजे टूर्निकेटचा (रक्त थांबवायला मांडीला बांधलेल्या पट्ट्याचा) वेळ वाया जात नाही. मागचं टेबल म्हणजे स्वच्छ टेबल, इन्फेक्टेड गुडघ्यात घातलेले हात तिथे जाऊ द्यायचे नाहीत.

ट्रायलची साइझ काढलेल्या इम्प्लांटवरून ठरवा, दोन साइझच्या मधे असाल तर लहान घ्या. किडनी ट्रेमध्ये फॉइल अंथरा. ट्रायलच्या बाहेरच्या गुळगुळीत बाजूला पॅराफिन लावा, वरून फॉइलचा एकच थर बोटाने चेपून बसवा, सुरकुत्या बाजूला सारा, कारण एकेक सुरकुती पुढे स्पेसरवर धार बनून उमटणार आहे. साधं सिमेंट कालवून ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की त्याचा गोळा ट्रेमध्ये ठेवा आणि ट्रायल त्यात दाबा.

इथे एक फसगत आहे. फीमरच्या ट्रायलचा मागचा कॉन्डाइल (गोल उंचवटा) वर जाताना पुन्हा आत वळतो. सिमेंट त्याच्या सगळ्यात रुंद जागेच्या वर चढू दिलंत तर ट्रायल आत अडकलंच म्हणून समजा. सिमेंट रुंद जागेपर्यंतच ठेवा, वरचं चमच्याने कापून टाका. जमत येताना, म्हणजे हाताला कोमट लागायला लागलं आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहीनासा झाला की ट्रायल थोडं हलवून काढा-घाला करत राहा. पूर्ण कडक होण्याआधी ते बाहेर हवं.

साचा थंड झाला की आत सगळीकडे पॅराफिन आणि त्यावर नवीन फॉइल. हे विसरायचं नाही म्हणजे नाही. नवीन सिमेंटमधला मोनोमर जुन्या सिमेंटचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात, एकाच मटेरियलची भावंडं ती. मी स्वतः हे केलंय. पहिल्या वर्षी, घाईत, एका कोपऱ्यात फॉइल फाटलेलं दिसलं नाही, बरोबर तिथेच स्पेसर साच्याला चिकटला, छिन्नी मारली तर स्पेसरचाच कॉन्डाइल तुटला. भूलतज्ज्ञांनी शांतपणे विचारलं, अजून किती वेळ? त्या प्रश्नातला सूर अजून कानात आहे.

फीमर भरणं

साचा तयार असला तरी लगेच कालवू नका. आधी डिब्राइडमेंट पूर्ण होऊ द्या, किमान पाच टिश्यू सँपल्स वेगवेगळ्या जागांवरून वेगवेगळ्या उपकरणांनी गेली पाहिजेत, भरपूर सलाइनने धुऊन घ्या (आम्ही ९ लिटर संपवतो), पातळ पोव्हिडोन आयोडीन तीन मिनिटं ठेवून पुन्हा धुवा. मग ड्रेप्स, ग्लोव्हज, सक्शनची टीप, उपकरणांचा सेट सगळं बदला. त्याशिवाय औषधाच्या सिमेंटची ॲम्प्यूल फोडायची नाही.

आता औषधाचा पॅक कालवा. अवस्था ओळखायला घड्याळापेक्षा ग्लोव्ह चांगलं. आधी पातळ, मग चिकट, बोट लावून उचललं की तार येते. तार तुटायला लागली आणि ग्लोव्ह स्वच्छ सुटलं की कणिक झाली. २३ डिग्रीच्या आसपास बहुतेक ब्रँड्स १० ते १५ मिनिटांत पूर्ण कडक होतात, पण औषध घातल्यावर हे मागेपुढे होतं, म्हणून बाऊलमधला एक लहान गोळा सिस्टरच्या हातात द्या, तो तुमचा पहारेकरी.

गोळा साच्यात दाबा, मधे खोलगट करा, कडेला उंच ठेवा, जाडी सगळीकडे सेंटीमीटरभर तरी राहील असं बघा, पातळ जागा म्हणजे तुटायची जागा. मग साच्यासकट ते फीमरच्या टोकावर टोपीसारखं बसवा. हाड ओलं हवं, रक्त-सलाइनने भिजलेलं, पुसू नका. दाब हलका. वीस-तीस सेकंदांनी थोडं मागे ओढा, पुन्हा बसवा, असं तीन-चार वेळा, म्हणजे आतल्या बाजूला हाडाचा ठसा येतो पण सिमेंट हाडाच्या जाळीत शिरून कुलूप लागत नाही. हाडात एखादा खोल खड्डा असेल तर तो आधी ओल्या गॉझने भरून घ्या आणि नंतर गॉझ मोजून काढा. उष्णता जाणवायला लागली की सगळं बाहेर काढून मागच्या टेबलावर ठेवा आणि शेवटचं कडक होणं तिथेच होऊ द्या. जाड गोळ्याचं तापमान बाहेर ८० डिग्रीच्याही वर जाऊ शकतं, ती ऊब उरलेल्या बिचाऱ्या हाडाला कशाला.

हाड ओलं ठेवा, उशिराच्या कणकेत बसवा, हे मी एवढं घोकतोय त्याला कारण आहे. शिकत असताना एका दुसऱ्या स्टेजला मी असिस्ट करत होतो, आधीचा स्पेसर कुणीतरी प्रायमरीसारखा कोरड्या हाडावर, पातळ सिमेंटने, छान दाबून बसवलेला. एक्सरे बघायला सुंदर. काढायला दोन तास लागले आणि स्पेसरबरोबर मीडियल कॉन्डाइलचा मोठा भाग निघून आला. दुसऱ्या स्टेजला स्टेम (हाडाच्या पोकळीत जाणारी दांडी), ऑगमेंट (गेलेल्या हाडाच्या जागी लावायचे तुकडे), सगळं लागलं, बिल त्या कुटुंबाने भरलं.

टिबिया आणि सळया

इन्फेक्शन कॅनॉलमध्येही असतं, म्हणून दोन्ही कॅनॉलमध्ये औषध पोचलं पाहिजे. स्टाइनमन पिनवर सिमेंट लाटून सळई करा, हाताच्या तळव्यात वात वळतात तसं, खालचं टोक निमुळतं, वरचं थोडं जाड. कॅनॉलपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बारीक ठेवा आणि पूर्ण जमल्यावरच आत सरकवा. पिन सिमेंटच्या बाहेर नागडी राहू नये. वरच्या टोकाला मूठ ठेवा, काढताना प्लायरला धरायला काहीतरी हवं.

टिबियाचा तुकडा फीमरपेक्षा सोपा, म्हणून लोक तिथे ढिलाई करतात. तो टिबियाच्या कडेच्या कठीण हाडावर टेकला पाहिजे, मधल्या मऊ भागावर लहानशी चकती ठेवलीत तर ती महिन्याभरात रुतते आणि हाड खाते. ट्रायलच्या साइझचा पसरट गोळा करा, खालच्या बाजूला हाडाचा ठसा घ्या, वरची बाजू फीमरच्या तयार तुकड्यावर पॅराफिन लावून हलकी दाबा म्हणजे दोन उथळ बश्या उमटतात. खोल करू नका, सिमेंटवर सिमेंट घासणार आहे, जितकं अडेल तितका भुगा.

जाडी किती, हे ब्लॉकने आधीच मोजलेलं असतं. सरळ पायात कोलॅटरल्स ताणलेले पण ओरडत नाहीत एवढी. कमी पडली तर गुडघा डुगडुगतो आणि सरकतो, जास्त झाली तर जखम ओढून शिवावी लागते, कातडी काळी पडते, आणि इन्फेक्टेड गुडघ्यात कातडी जाणं म्हणजे फ्लॅपवाल्या प्लास्टिक सर्जनला फोन. शंका असेल तर दोन मिलिमीटर कमीच.

सगळे तुकडे जमले की बोट फिरवा. ग्लोव्ह अडकलं तिथे धार आहे, बर मारून घासा, मागच्या टेबलावर, गुडघ्यात नव्हे. मग शेवटचा पॅक कालवून, उशिराच्या कणकेत, प्रत्येक तुकड्यामागे लिंबाएवढा गोळा लावून ओल्या हाडावर बसवा, पाय सरळ धरा, थंड सलाइन सोडत राहा. कडक झालं की वाकवून बघा. पटेला सरळ चालतेय का, वाकवताना टिबियाचा तुकडा पुढून उचलला जातो का. ९० पर्यंत आरामात गेलं की बास, नाचायचं नाहीये कुणाला.

सक्शन ड्रेन ठेवायचा का? तो रक्ताबरोबर औषधही खेचतो, म्हणून मी सहसा ठेवत नाही, फार रक्तस्राव असेल तर ठेवतो आणि लवकर काढतो.

हिप असेल तर थोडक्यात

हिपचा स्पेसर सळईशिवाय करू नका, मानेत तुटतोच. आपल्याकडची जुनी युक्ती म्हणजे बारीक स्टेमचं ऑस्टिन मूर (हिपचं धातूचं इम्प्लांट) घेऊन त्यावर औषधाच्या सिमेंटचा लेप. आत धातूचा कणा मिळतो, बाहेर औषध. लेपाने स्टेम जाड होतो हे धरून साइझ निवडा, आणि लेप बाहेर पूर्ण जमल्यावर मगच फीमरमध्ये घाला. ऑस्टिन मूर नसेल तर वाकवलेला के-नेल किंवा रश पिन (हाडात घालायच्या धातूच्या सळया), आणि डोक्याला बल्ब सिरिंजच्या रबरी फुग्याचा साचा. डोकं ॲसिटॅब्युलमपेक्षा (हिपच्या वाटीपेक्षा) जरासं लहान ठेवा. फार लहान केलंत तर निसटतं किंवा आतली भिंत खातं. पेशंटला पाय दुमडून खाली बसू नका हे दहा वेळा सांगा, मग नातेवाईकांना सांगा, मग घरी कमोड आहे का ते विचारा.

नंतर

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, मग पहिले दोन आठवडे वरचेवर. लघवी कमी झाली, मळमळ वाढली तर आधी स्पेसर आठवा. वॉकरवर, पायावर थोडंच वजन, फिजिओने जखम बघून हळूहळू वाकवायचं. अँटिबायोटिक्स साधारण सहा आठवडे, सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्यांचा आलेख उतरतोय का बघत, जखम कोरडी, सूज नाही, तर दोन-तीन महिन्यांत दुसरी स्टेज. काही पेशंट दुखणं थांबलं म्हणून गायब होतात, शेतीची कामं निघतात, लग्नं निघतात, आणि वर्षाने तुटलेला स्पेसर घेऊन येतात. फाईलवर नुसता पेशंटचा नाही, मुलाचा आणि सुनेचा पण नंबर घ्या.

ऑपरेशन नोटमध्ये हे लिहाच: किती पॅक, कुठला ब्रँड, प्रत्येकात कुठलं औषध किती ग्रॅम, सळया किती, त्यांची लांबी, आत पिन आहे की नाही, एकूण तुकडे किती. शक्य असेल तर बसवण्याआधी मागच्या टेबलावर तुकडे मांडून मोबाईलने फोटो काढून फाईलला लावा. दुसऱ्या स्टेजला तेवढे तुकडे बाहेर आलेत का ते मोजायचं असतं. त्या आजींचे चार होते, फीमर, टिबिया आणि दोन सळया. अकराव्या आठवड्यात उघडलं, पातळ ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) कडेने फिरवला, एक हलका ठोका, टोपी हातात आली, खाली हाड गुलाबी. तीन तुकडे ट्रेमध्ये पडले आणि टिबियाची सळई मात्र मूठ लहान ठेवल्यामुळे अर्धा तास छळत बसली.